फळीखालची पट्टी

मराठी समीक्षेची बरीचशी परिभाषा हाताने काम करणाऱ्यांच्या घरून आलेली आहे, हे आपण वर्गात शिकवताना सहसा सांगत नाही. 'पोत' आणि 'वीण' हे शब्द विणकराचे, 'घाट' भांडे घडवणाऱ्याचा, 'बांधणी' गवंड्याची. सुताराकडून मात्र आपण जे घेतले ते बहुतेक भांडणासाठी घेतले. 'चौकट' घेतली ती मोडण्याकरिता, 'पाचर' घेतली ती मारण्याकरिता आणि 'मेख' घेतली ती दुसऱ्याच्या युक्तिवादात शोधण्याकरिता. आणि एखाद्या कादंबरीचे 'सांधे दिसतात' असे आपण म्हणतो तेव्हा ती तक्रारच असते. सांधा असावा पण दिसू नये, हा आपल्या अभिरुचीचा एक न लिहिलेला नियम आहे. गेल्या मे महिन्यात मला एक पुस्तकांचे कपाट करावे लागले आणि त्या निमित्ताने या नियमाविषयी थोडा वेगळा विचार करता आला.

कपाट करावे लागले, कारण विकत आणून भागणारे नव्हते. माझे एक ज्येष्ठ सहकारी (त्यांना येथे नुसते 'सर' म्हणतो) नेरूरकडचे आपले घर बंद करून कुडाळात मुलीकडे राहायला यायचे होते. काचबिंदूने सरांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, अक्षर दिसत नाही. तरीही ते पुस्तकांतले हवे ते पुस्तक स्वतः काढतात. कोणी भेटायला गेले की त्याच्या हातात देतात आणि अमुक पानापासून वाच म्हणतात. हे त्यांना जमते, कारण त्यांची पुस्तके चाळीस वर्षे एकाच जागी आहेत. त्यांच्यापुरते पुस्तक म्हणजे एक जागा आहे: वरून तिसरी फळी, डावीकडून हातभर. ती जागा गेली तर पुस्तक असूनही नसल्यासारखे. आणि ती जागा ज्या फडताळात होती ते भिंतीतले फडताळ उचलून आणता येणार नव्हते.

कोकणातली जुनी फडताळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही अडचण लगेच कळेल. चिऱ्याची भिंत रचतानाच तिच्यात पोकळी सोडतात आणि फणसाच्या फळ्यांची दोन्ही टोके चिऱ्यांच्या थरांत घेतात. फळी आणि भिंत यांत सांधा असा नसतोच; भिंतच फळीला धरून असते. पुस्तकांचे ओझे सरळ जांभ्यात उतरते. अशा फळीला वजन किती घालावे हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तिची जागा बदलावी असेही कोणाच्या मनात येत नाही. वाळवी आली तरच तिचा विचार होतो.

तसे पाहिले तर पुस्तक उभे ठेवणे हीच आपल्याकडे नवी गोष्ट आहे. पोथी आडवी असते. सुटी पाने, वर-खाली दोन लाकडी फळ्या, भोवती बासन. 'बासनात गुंडाळून ठेवणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या चित्रांच्या संचाला आजही पोथीच म्हणतात, आणि तीही कापडातच राहते. आडव्या वस्तूला टेकू लागत नाही. छापखान्याबरोबर बांधीव पुस्तक आले, त्याच्या पाठीवर नाव आले, ते नाव वाचता यावे म्हणून पुस्तक उभे राहिले, आणि मग त्याला फळी लागली. सरांच्या बाबतीत पाठीवरचे नाव निरुपयोगी झाले होते. फळी मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागत होती.

तेव्हा ठरले ते असे की, फडताळाची हुबेहूब मापे घेऊन तसेच कपाट प्लायवूडचे करायचे. फडताळाची आतली रुंदी तीस इंच. कप्पे सहा; खालचे दोन साडेबारा इंच उंचीचे, वरचे चार साडेनऊ इंचांचे. फळ्या मागेपुढे सरकवता येतील अशा नकोत, हे सरांनी दोनदा बजावले. बाजारातल्या कपाटांत भोके पाडून त्यांत खुंट्या घालतात आणि हव्या त्या उंचीवर फळी ठेवतात, ती सोय येथे गैरसोय होती. कोणी झाडलोट करताना फळी एक भोक खाली घेतली तर सरांचे अर्धे ग्रंथालय हरवले असते.

माझ्याजवळची हत्यारे सांगतो: एक हातकरवत, हातोडी, अर्ध्या इंचाची पटाशी, गुण्या, टेप, स्क्रू ड्रायव्हर आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेले ड्रिल. रंधा नाही, शिकंजा नाही, खाच पाडायचे यंत्र नाही. प्लायवूडच्या दुकानात शीट मशीनवर कापून देतात, एवढी एक गोष्ट अनुकूल होती. आठ बाय चार फुटांची एकोणीस मिलिमीटरची एक शीट घेतली. तिच्या लांबीच्या दिशेने साडेनऊ इंच रुंदीच्या पाच पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांतून सहा फुटांच्या दोन बाजू निघाल्या आणि दोन-दोन फुटांचे दोन तुकडे उरले. राहिलेल्या तीन पट्ट्यांतून तीस इंचांच्या नऊ फळ्या मिळाल्या. मला लागणार होत्या सात. कापताना दिशा महत्त्वाची असते. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पदर एकावर एक आडवे-उभे चिकटवून केलेला थर. पदरांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही अंगांचे वरचे पदर एकाच दिशेचे येतात. त्या वरच्या पदरांचे तंतू फळीच्या लांबीने जायला हवेत, तर फळी कमी वाकते. शीट उलटी कापली तर माप तेच राहते, ताकद राहत नाही.

आता मूळ प्रश्न. उभ्या बाजूला आडवी फळी जोडायची कशी? सर्वात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे बाजूच्या बाहेरून फळीच्या कडेत स्क्रू मारणे. बाहेरून तीन ठिपके दिसतात, आतून काहीच दिसत नाही. सांधा झाकला जातो. मी तसे करण्याच्या बेतात असताना आमच्या गल्लीतले एक सुतार कामावरून परतताना थांबले. दिवसभर ते कुठल्याशा बांधकामावर असत, संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहून माझे काम पाहत आणि न विचारता बोलत. त्यांनी फळीची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "मास्तरानू, कडेक स्क्रू मारू नकात. पदर सुटतत."

त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही. पण प्लायचा एक तुकडा हातात घेतला की ते दिसते. शीटच्या अंगात स्क्रू मारला तर तो सगळे पदर ओलांडून जातो. आडव्या-उभ्या तंतूंत त्याचे आटे धरतात. कडेत मारला तर तो दोन पदरांच्या मधून, त्यांना समांतर घुसतो आणि पाचरीसारखा त्यांना दूर सारतो. आधी बारीक भोक पाडून घेतले तर फाटणे टळते, पकड मात्र बेताचीच राहते. वरून ओझे येते तेव्हा ते त्या तीन स्क्रूंवरच येते. डेमी आकाराची पुस्तके फूटभर रांगेत लावली की वाण्याच्या काट्यावर सात-आठ किलो भरतात; मोठ्या आकाराचे, गुळगुळीत कागदाचे अंक त्याहून बरेच जास्त. सहा कप्पे मिळून सव्वाशे-दीडशे किलो. आणि ते वर्षानुवर्षे, क्षणभरही उसंत न घेता.

दुसरा मार्ग खाचेचा. बाजूत पाव इंच खोल खाच पाडायची आणि फळीचे टोक तिच्यात बसवायचे. जातिवंत सांधा हाच. ओझे लाकडावर लाकूड असे उतरते आणि फडताळाच्या तत्त्वाच्या सर्वात जवळचा हाच. पण हातकरवतीने दोन रेघा कापून मधले पटाशीने काढायचे म्हटले, तर प्लायमध्ये दर पदराला तंतूंची दिशा बदलते. पटाशी एका पदरात सुरीसारखी सरकते आणि पुढच्यात ढेकूळ उपटते. अशा चौदा खाचा, प्रत्येक साडेनऊ इंचांची, आणि समोरासमोरच्या दोन केसभरही वर-खाली न होता. यंत्र असेल तर हे एका दुपारचे काम आहे. माझ्याजवळच्या पटाशीने ते करणे म्हणजे चांगल्या शीटची नासाडी होती.

राहिली ती फळीखालची पट्टी. बाजूला आतून एक पट्टी चिकटवायची, तिला स्क्रूने आवळायचे आणि तिच्यावर फळी टेकवायची. सुतार म्हणाले, "वजन स्क्रूर नाय, पट्टयेर येवक होया." या एका वाक्यात सगळे आले. फळी पट्टीवर बसते. पट्टी आपल्या पूर्ण अंगाने बाजूला चिकटलेली असते. स्क्रू पट्टी आणि बाजू या दोहोंच्या अंगातून, सगळे पदर ओलांडून जातात. दोन एकोणिसाव्या मिळून अडतीस मिलिमीटर जाडी होते, म्हणून सव्वा इंची स्क्रू घेतले की टोक पलीकडे येत नाही. सरेसाची जागा घेतलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलला दाब लागतो. शिकंजा नव्हता, पण येथे स्क्रू हाच शिकंजा होतो. दर पट्टीला तीन. दोन फुटांच्या एका उरलेल्या तुकड्याचे दीड-दीड इंचावर आडवे काप काढले, त्यात चौदा पट्ट्या मिळाल्या. सात फळ्या, प्रत्येकीला दोन. टाकाऊ तुकड्यातून नेमके हवे तेवढे निघाले याचा आनंद, खरे सांगायचे तर, एखादे अवघड वाक्य नीट लागल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

मापाच्या बाबतीतही सुतारांनी एक गोष्ट शिकवली. मी टेपने दोन्ही बाजूंवर खुणा करत होतो. त्यांनी एक सरळ काठी मागितली, तिच्यावर सगळ्या कप्प्यांच्या खुणा एकदाच करायला लावल्या आणि टेप खिशात ठेवायला सांगितला. दोन्ही बाजू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवायच्या, काठी लावायची, गुण्याने दोन्हींवर एकच रेघ ओढायची. टेप दर वेळी नव्याने वाचावा लागतो आणि दर वाचनात थोडा पाठभेद होतो. काठी वाचावी लागतच नाही. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला हे लवकर पटायला हरकत नव्हती.

येथे थोडे विषयांतर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांचे जे वर्णन आहे, त्यात सुतार हा गावाच्या शेतीला ज्यांच्यावाचून चालत नाही अशांपैकी आहे. नांगर, पाभर, गाडा सगळे त्याच्या हातचे. पण त्याचे ज्ञान त्याने कोठे लिहून ठेवले नाही, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ते ज्ञान आहे असे मानले नाही. सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायाची भाषा अभंगात आणली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. एरवी पटाशी, वाकस, गिरमिट, सामता, किकरे हे शब्द शब्दकोशात आहेत, हातात नाहीत. मास्तराने सुट्टीत सुतारकाम करणे हल्ली हौसेचे समजतात आणि त्याची छायाचित्रे काढतात. मला त्यात अभिमानाचे काही वाटत नाही. ज्या माणसाच्या एका वाक्यामुळे ते कपाट उभे आहे, तो दुसऱ्याच्या बांधकामावर रोजंदारीने जातो आणि मी त्याच्याविषयी निबंध लिहितो, ही वाटणी जुनीच आहे. पट्टी ठोकल्याने ती बदलत नाही. असो.

जोडणी दोन दिवस चालली. बाजू उभ्या करून फळ्या पट्ट्यांवर बसवल्या, पट्टीखालून फळीच्या अंगात स्क्रू घेतले. कपाट गुण्यात आहे की नाही हे पाहायला सुतळी पुरते. दोन्ही कर्ण सारखे भरले की काटकोन आपोआप होतात. कर्णांत तीन सुतांचा फरक होता. (इंचाचे आठ सूत, हे माप सुतारांच्या तोंडून अजून गेलेले नाही.) लांब कर्णाच्या दोन टोकांना दोरी बांधून, मध्ये काठी घालून तिला पीळ दिला तेव्हा फरक गेला. तसाच आवळून ठेवून मागे सहा मिलिमीटरच्या प्लायची पाठ ठोकली. पाठ ही पुस्तके मागे पडू नयेत म्हणून असते असा समज आहे. खरे म्हणजे तिच्यावाचून कपाट पत्त्यांच्या घरासारखे एका बाजूला कलंडते. पट्टी ओझे पेलते, कलणे थांबवत नाही. ते काम पाठीचे.

कडा मात्र उघड्या ठेवून चालत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो अशा प्रदेशात प्लायची उघडी कड पाणी पिते आणि फुगते. म्हणून पुढच्या कडांना पाऊण इंचाची सागाची पट्टी आणि बाकी सगळ्या कडांना व्हार्निशचे दोन हात. तळाची फळी जमिनीपासून पावणेचार इंच वर घेतली आणि तिला मधोमध एक ठोकळा दिला. कपाट भिंतीपासून दोन इंच दूर ठेवले, कारण चिऱ्याची भिंत जुलैत घाम गाळते आणि तिला चिकटलेल्या पाठीवर बुरशी येते. मृगाच्या चार दिवस आधी पुस्तके टेम्पोतून आली.

ती लावण्याचे काम मात्र सरांचे होते. मी नाव वाचायचे, त्यांनी जागा सांगायची. अडीचशे पुस्तकांत ते एकदाही अडखळले नाहीत. त्यांची मांडणी कोणत्याही ग्रंथालयाला मान्य होणार नाही. तिसऱ्या फळीवर 'जोगवा' (१९५९) आणि 'दिवेलागण' (१९६२) यांच्या शेजारी 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२) आणि 'कोंडुरा' (१९६६), आणि त्यांच्या पलीकडे 'नक्षत्रांचे देणे' (१९७५). दशांश वर्गीकरणात कविता एकीकडे जाते, कादंबरी दुसरीकडे. लेखकाच्या नावाने लावायचे म्हटले तर आरती प्रभू एका टोकाला आणि चिं. त्र्यं. खानोलकर दुसऱ्या टोकाला. मी तसे सुचवून पाहिले. "कुडाळात खाणावळ चालवणारा माणूस एकच होता," सर म्हणाले, "त्याला मी दोन फळ्यांवर बसवणार नाही." १९७६ साली गेलेल्या या लेखकाच्या कवितेचा आणि गद्याचा संबंध कसा लावावा यावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. सरांनी तो प्रश्न फळीवर सोडवलेला होता, आणि डोळे गेल्यावरही ते उत्तर त्यांना बोटांनी तपासता येत होते.

पट्ट्यांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. सुतार अशी पट्टी पुढच्या बाजूने अर्धा-पाऊण इंच आखूड ठेवतात किंवा तिचे टोक तिरके कापतात, म्हणजे समोरून ती नजरेत येत नाही. मी तशी खूण करत असताना सर शेजारी बसून बाजूवरून हात फिरवत होते. त्यांच्या बोटांना पहिल्या पट्टीचे टोक लागले. त्यांनी दुसरी शोधली, मग तिसरी. "ही तोडू नकोस," ते म्हणाले. फडताळात त्यांना फळ्या मोजायला चिऱ्यांच्या सांध्यांचा उपयोग होत असे. येथे गुळगुळीत प्लायवर बोटाला धरायला काहीच नव्हते. सगळ्या पट्ट्या मग बाजूच्या कडेपर्यंत पूर्ण आणल्या. टोके फक्त कानशीने घासून मऊ केली. आता ते डाव्या बाजूवरून हात खाली आणत मोजतात आणि थांबतात. कपाट पाहायला येणारे बहुतेक जण म्हणतात की पट्ट्या दिसल्या नसत्या तर काम जास्त सफाईदार झाले असते. सर त्यांना काही सांगत नाहीत.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, त्यांनी मला बोलावून घेतले. खालून दुसऱ्या फळीला पोट आले आहे म्हणाले. त्या फळीवर जुने दिवाळी अंक आणि 'सत्यकथे'चे बांधीव खंड आहेत. कपाटातले सर्वात जड सामान तेच, 'विश्वकोशा'चे खंड सोडले तर, आणि ते तळाच्या फळीवर ठोकळ्याच्या आधाराने आहेत. मला डोळ्यांनी काही दिसले नाही. दोरी ताणून पाहिली तेव्हा मधोमध एक सूत बाक भरला. त्या ओझ्याला एवढा बाक येणारच होता. प्रतिफूट ओझे तेच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर बाक सोळापट होतो, आणि अर्धी केली तर सोळावा हिस्सा उरतो. म्हणून मध्ये एक उभी फळी घातली की प्रश्न मिटतो. उरलेल्या दोन फळ्यांपैकी एक त्यासाठी आहेच.

पण उभी फळी मधोमध आली तर रांगेचे दोन तुकडे होतात, आणि कुठे तोडायचे हे सरांना ठरवायचे होते. त्यांनी खंडांवरून दोन-तीनदा हात नेला. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. शेवटचा खंड जिथे संपतो आणि नंतरचे दिवाळी अंक सुरू होतात, तिथे फळी हवी, असे ते म्हणाले. ती जागा मध्यापासून पाच इंच डावीकडे येते. संध्याकाळी सुतारांना विचारले. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजले, फळीखाली हात घातला आणि म्हणाले, "चलात."